मास्तरांनी जावयाची मोटार चमकवली

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान या नात्याने मी मास्तरांना ओळखते. हे नाते मी मागून घेतलेले नाही. बहिणीचे लग्न ठरले तेव्हा घरात कोणी माझे मत विचारले नाही. विचारले असते, तर आज मला या गृहस्थांविषयी लिहिण्याचे कारण पडले नसते.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते एका कारखान्यात लाकडी सामानाला पॉलिश करीत असत. टेबले, कपाटे, दवाखान्यातील बाके, एका बँकेचे लांबलचक काउंटर, अशी कामे त्यांनी केली. कारखान्यातील माणसे त्यांना मास्तर म्हणू लागली आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला सगळ्या जगाचे मास्तर समजण्यास सुरुवात केली. त्यांचे काम चांगले होते, हे मी नाकारणार नाही. त्यांनी पॉलिश केलेल्या कपाटाच्या दारात तोंड पाहून केस विंचरता येत. परंतु जगात लाकडाखेरीज दुसऱ्याही वस्तू असतात, ही गोष्ट त्यांना आजपर्यंत कोणी पटवू शकलेले नाही.

एकदा त्यांनी माझ्या बहिणीच्या चामडी चपलांना लाखेच्या पॉलिशचा हात दिला. चपला आरशासारख्या झाल्या आणि पहिल्याच पावलाला तडकल्या. यावर मास्तरांचे म्हणणे असे पडले की, "तू चालतेसच वाकडी." पुढे ते मुलीच्या घरी चार दिवस पाहुणे म्हणून गेले. तेथे स्वयंपाकघराचे दार जरा घट्ट बसत होते. मास्तरांनी ते रंधा मारून इतके बारीक केले की ते बंदच राहीना. जावयाने दाराखाली कागदाची घडी सरकवली. तो काही बोलला नाही. न बोलणाऱ्या माणसाचा राग आतल्या आत मुरतो, हे मास्तरांच्या ध्यानात आले नाही. ध्यानात येणे हे त्यांच्या स्वभावात नाही.

आता मूळ प्रसंग सांगते. बहिणीचे गुडघे गेले होते आणि त्यांचे बिऱ्हाड सगळ्यात वरच्या मजल्यावर. मुलीचे घर तळमजल्यावर आहे. आईवडिलांनी कायमचे आपल्याकडे राहावे असे मुलीच्या मनात होते. सासूबाईंविषयी जावयाची काही तक्रार नव्हती. प्रश्न होता तो सासऱ्यांचा. "आई आल्या तर घर भरेल. बाबा आले तर घर उरेल का, ते सांग," असे तो मुलीला म्हणाला होता, आणि ते मुलीने तिच्या आईला, आईने मला सांगितले होते आणि भिंतीला कान लावून मास्तरांनी ते स्वतः ऐकले होते. एका रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. त्याच दिवशी काय ते ठरणार होते. मी त्याच इमारतीत खाली राहते, म्हणून मलाही बोलावले होते.

जावई औषधे विकतो आणि त्यासाठी गावोगाव फिरतो. त्याची निळी मोटार नवी होती. जेवणे झाली, सगळी मंडळी आडवी झाली. मी माझ्या खोलीकडे निघाले, तो खाली अंगणात मास्तर बादली घेऊन उभे. लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढलेला, खांद्यावर पंचा आणि बगलेत मोटारीच्या मेणाचा डबा. त्यांनी आयुष्यात कधी मोटार धुतली नव्हती. धुण्यासाठी मोटार असावी लागते.

"काय चाललंय?" मी विचारले.

"जावईबापू उठायच्या आत गाडी अशी करतो, की त्यांनी ओळखता कामा नये."

हे मात्र त्यांनी शब्दशः खरे करून दाखवले.

प्रथम त्यांनी चाके धुतली. मग चाकांचा चिखल ज्या फडक्याला लागला होता त्याच फडक्याने टप पुसला. मी म्हटले, "निदान डब्यावर काय लिहिलंय ते तरी वाचा."

"ताई, तुम्हाला आत्ता आत्ता अक्षरं कळायला लागली, म्हणून तुम्ही दिसेल ते वाचत सुटता. पॉलिशचा डबा मला वाचावा लागत नाही. वासावर कळतं." आणि त्यांनी डबा उघडून खरोखरच नाकाला लावला.

मी उतारवयात प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरे शिकले. एक ओळ वाचताना मला अजूनही तिच्याखाली बोट धरावे लागते. ज्यांना लहानपणापासून वाचता येते आणि जे वाचत नाहीत, त्यांच्याविषयी मला आदर वाटत नाही. तो डबा मी नंतर वाचला. सावलीत लावावे, पातळ लावावे, सुकताच मऊ कापडाने पुसून काढावे, एवढेच त्यावर लिहिले होते. मास्तरांनी भर उन्हात, कापसाचा बोळा करून, भाकरीवर लोणी थापावे तसे मेण थापले. ते पांढरे होऊन पत्र्याला चिकटले.

"पहिला हात बसला," मास्तर समाधानाने म्हणाले.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. लाकडाला पॉलिशचा एक हात दिला की तो सुकू द्यायचा, मग त्यावर बारीक पॉलिश पेपर, म्हणजे काचकागद, फिरवायचा आणि मग दुसरा हात द्यायचा. पेपर फिरवल्याखेरीज पुढचा हात धरत नाही. कपाटाच्या बाबतीत हे योग्यच असेल. मास्तरांनी खिशातून पेपरची घडी काढली आणि बॉनेटवर बसवली.

"अहो, तो पत्रा आहे," मी म्हणाले.

"पत्रा असो नाहीतर सागवान, दुसऱ्या हाताला धरायला काहीतरी लागतंच ना? तुम्ही जा, आराम करा."

मी आराम करण्यास गेले नाही. जावयाला उठवण्यासाठी जिना चढू लागले. माझ्या चालीने तो जिना चढायचा म्हणजे वेळ लागतो. जावयामागोमाग मुलगी आणि कठडा धरून बहीणही निघाली. आम्ही खाली आलो तेव्हा बॉनेट आणि एका बाजूची दोन्ही दारे घासून झाली होती. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा तिथला रंग दिसत होता. मास्तर घामाने निथळत होते आणि हसत होते.

"दोन हात झालेत, जावईबापू. सुरुवातीला असंच दिसतं. तिसऱ्याला चमक उघडेल."

जावयाने दारावरून बोट फिरवले.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही गाडीवर पेपर मारलात?"

"झिरोचा आहे, बाळ. खरखरीत नाही."

जावई ओरडला नाही. "चांगलं केलंत," तो म्हणाला. "आता आत दोन फळ्या ठोका. कपडे ठेवायला होतील." मग तो बहिणीकडे वळला. "आई, तुमची पिशवी भरा. आजच निघू."

पिशवी एकच सांगितली, हे सगळ्यांना समजले. बहीण मास्तरांना म्हणाली, "अहो, काहीतरी बोला ना." मास्तर फडके पिळत राहिले. ते फडके कधीच कोरडे झाले होते.

वाचकांनी उगाच हळहळू नये. मास्तर आज मुलीच्या घरीच राहतात. मोटारीला पुन्हा रंग द्यावा लागला. आणि आजही कोणी विषय काढला, तर तिसरा हात देऊ दिला असता म्हणजे सगळ्यांची तोंडे बंद झाली असती, असे ते बेधडक सांगतात. त्यांना नेले हा जावयाचा मोठेपणा होय. यात मास्तरांचे कर्तृत्व शोधू गेल्यास फार थोडे सापडेल. जे सापडेल ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे, म्हणून लिहिते.

त्या दिवशी पिशवी भरून झाली आणि बहीण पुढच्या सीटवर बसली. मुलगी मागे बसली. इंजिन सुरू झाले. तेव्हा मास्तर पंचा खांद्यावरून काढून खिडकीशी आले. जावयाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिले नाही. त्या खरवडलेल्या दाराकडे पाहत ते म्हणाले, "जावईबापू, मलाही न्या. ती नसली तर मला इथं राहता यायचं नाही."