वरुणरावांची मिटलेली मूठ

“वाजवणारा चुकला तर सावरता येतं, थांबवणारा चुकला तर नाही,” हे वरुणरावांचं नेहमीचं वाक्य.

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत ते वाढले. दिवसा शाळेत संगीत शिकवत. संध्याकाळी वीणा, व्हायोलिन, क्लॅरिनेट, मृदंग वाजवणारी माणसं जमवत. त्यातून त्यांचा वाद्यवृंद उभा राहिला. आमच्या ओरत्तनाडू गावच्या छत्राशी, म्हणजे जुन्या धर्मशाळेशी, त्यांचा कार्यक्रम असला की आम्ही शेतकरी भाताची लावणी आटोपून चिखलाच्या पायांनीच जाऊन बसायचो. शेवटी वरुणराव हात उंच नेत, मूठ मिटत, आणि सगळी वाद्यं एकदम गप्प होत. मग शेतातले बेडूक ऐकू येत. तसं थांबणं मी पुन्हा कुठे अनुभवलं नाही.

बायको कमलाक्षी चिडवायची, “सगळे घाम गाळतात, हे नुसती हवा ढवळतात, आणि शाल मात्र यांनाच!”

कमलाक्षी गेली. वादकही एकेक करून गेले. दमट हवेत कॅसेटींना बुरशी लागली. एकच धड राहिली, राजवाड्यातल्या शेवटच्या कार्यक्रमाची. परवा संगीत कॉलेजातला नितीन ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला आला. मीही तिथे बसलो होतो.

“शेवट नीट उतरव, बाबा,” वरुणराव म्हणाले. “तेवढ्यासाठीच जपलीय.”

व्हायोलिनं उठली, वीणा मिसळली. वरुणरावांची बोटं मांडीवर हलू लागली. मध्येच खट् झालं, आणि एक लहान मुलगी तमिळ गाणं म्हणू लागली.

सून अखिला दारातच थबकली. “मामंजी, ही आपली हरिप्रिया. मीच भरलं हो! शाळेची स्पर्धा होती. वर तुम्ही नागरीत लिहिलेलं. मला कुठे वाचता येतं? जुनी रिकामी असेल वाटलं.”

घरात मराठी सगळेच बोलतात. अक्षर एकट्या वरुणरावांना येतं. कॅसेटच्या पाठीवरची इवली पट्टी मोडली असती, तर तिच्यावर दुसरं काही भरता आलं नसतं. तीही त्यांनी मोडली नव्हती. चांगली वस्तू मोडायची कशी?

“पुढे असेल, अप्पा,” नितीन म्हणाला आणि कॅसेट पुढे पळवली. तिथेही हरिप्रियाच. बाजू उलटली. तिथेही तीच, हसत, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून.

“मामंजी, काहीतरी बोला ना.”

“चांगलं म्हणते पोर,” वरुणराव म्हणाले. “ताल जरा सुटतो.”

“कार्यक्रमाची सुरुवात आहे, अप्पा. तेवढी ठेवू?”

“ठेव. सुरुवात कोणालाही जमते.”

त्यांनी खांद्यावर उपरणं टाकलं, चपला शोधल्या आणि राजवाड्याच्या दिशेने निघाले. नितीनला यंत्र बंद करायचं सुचलंच नाही. आत कॅसेटमधली सहा वर्षांची नात हरिप्रिया गातच होती. कोपऱ्यावर वरुणरावांचा उजवा हात वर गेला, तसाच राहिला. मूठ काही मिटली नाही. मग ते कोपरा वळून दिसेनासे झाले. अखिला ओट्यावरून पाहत उभी होती.