मोरपंखी साडीतली वाळू

मोरपंखी साडी झटकली आणि फॉलमधून चिमूटभर काळी वाळू फरशीवर पडली. रत्नागिरीच्या मांडवीची. तेव्हा मी महाडच्या शाळेत नवीन लागले होते आणि शेजारच्या वर्गावर पोलादपूरची एक मैत्रीण शिकवायची. शनिवार-रविवार समुद्र बघून येऊ म्हणून तिने मला एसटीत बसवलं. "एक चांगली साडी घे गं, किल्ल्यावर देवीला पंजाबी ड्रेसमध्ये जाणार का?" म्हणाली. देवीचं दर्शन झालं, आणि संध्याकाळी त्याच साडीत मी मांडवीवर भेळ खात उभी होते, तर समोरून तिची आत्या आली, बरोबर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला तिचा मुलगा. आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाळ, जरा पाण्यापर्यंत चालून ये बघू." मैत्रीण कानाशी पुटपुटली, "जा ना, तुझ्या आईला सगळं ठाऊक आहे." माझं डोकंच फिरलं. मी चालले, थेट गुडघाभर पाण्यात गेले, आणि तशीच निथळत परत येऊन आत्याला म्हणाले, "माझे पाय धड आहेत. आता तुमच्या मुलाला चालून दाखवायला सांगा." परतीच्या एसटीत मी मैत्रिणीशेजारी बसले नाही. पुढे बोलणं सुरू झालं, राग काही गेला नाही. काल तिचा फोन आला. "तुझ्या लेकीला पाठव की माझ्याबरोबर रत्नागिरीला, दोन दिवस समुद्र बघेल. आणि हो, एखादी चांगली साडी घ्यायला सांग." म्हणून आज ही साडी बाहेर काढली. फरशीवरची वाळू मी झाडलेली नाही. लेक घरी आली की तिच्या तळहातावर ठेवणार आहे.