दुसऱ्या सीडीतला माणूस

आमच्या वाडीवर कुणी 'बसा' म्हटलं तर माणूस आधी बसायची जागा नीट बघून घेतो. कुडपणच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर पंधरा-सोळा घरं. नाचणी, वरी, गुरं आणि खाली उतरायला अडीच-तीन तासांची पायवाट. वर सहसा कुणी येत नसे, आणि आलाच तर काहीतरी न्यायला आला असणार असा आमचा ठाम समज. तो अगदीच खोटा होता असं नाही. माझ्या लहानपणी टेप घेऊन दोन माणसं आली, गोड बोलली, चहा पिऊन गेली, आणि पुढच्याच वर्षी आमच्या चराईच्या रानाला तारेचं कुंपण पडलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आम्ही पाणीसुद्धा फुंकायला लागलो.

संशयाच्या बाबतीत मी वाडीतल्या सगळ्यांच्या एक पाऊल पुढे होतो. पोलादपूरला बोर्डिंगात राहून बारावी झालेलो, म्हणजे संशयाला कारणं जोडायची विद्या माझ्याकडे जास्त होती. आजही कुणी फार हसून बोललं की मी त्याच्या हातात काय आहे ते बघतो. खोड ती खोडच.

वाडीत एकट्या आईला संशय येत नसे. तिला वेळच नव्हता. कड्यावर गवत कापताना घसरून तिचा खुबा मोडला होता. गावठी औषधाने हाड जुळलं, पण तिरकं जुळलं. घरात आणि गोठ्यात ती काठी टेकत फिरायची. गुरं सोडणं-बांधणं तिनेच करायचं, दुसऱ्या कुणी केलेलं तिला पटायचं नाही. उतार मात्र तिला जमेना. तिचं माहेर खाली कापड्याला. सख्खा भाऊ एकच, आणि तो दम्याने घर धरून बसलेला. तो वर चढू शकत नव्हता, ही खाली उतरू शकत नव्हती. कड्याशी बसून ती खालच्या भातखाचरांकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "तं आमचं." तेवढ्या लांबून कुणाचं काय कळणार? पण मी वाद घातला नाही.

आमच्याकडे आजाऱ्याला खाली न्यायचं तर डोली. बांबूला घोंगडी बांधायची आणि चौघांनी खांदा द्यायचा. माझे वडील असेच उतरले आणि त्याच बांबूवर परत आले. तेव्हापासून आईने सांगून टाकलं होतं, "मी डोलीतून उतरायची नाय. माहेरला जाईन तर बसून जाईन." बसून म्हणजे गाडीत. गाडीला रस्ता हवा, आणि रस्ता तर कापड्याच्या वरच्या अंगाला थोडा येऊन थांबलेला होता. आई त्या रस्त्याची वाट बघत होती.

नव्वदचं दशक संपता संपता एका शिमग्याला मुंबईचा एक चाकरमानी टीव्ही आणि सीडीचं मशीन वर घेऊन आला. वीज आम्हाला नुकतीच मिळालेली, पण संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की व्होल्टेज बसायचं. म्हणून सिनेमा भर दुपारी, देवळात. उजेड येऊ नये म्हणून दारा-खिडक्यांना घोंगड्या लावल्या. आत घामाचा, धुराचा आणि लोकरीचा वास. आई खांबाला टेकून बसलेली. पिच्चर इंग्रजी, पण बोलणं हिंदीत भरलेलं. म्हाताऱ्यांना हिंदी अर्धंमुर्धंच कळायचं, म्हणून टीव्हीच्या बाजूला उभं राहून समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला ते फार आवडलं, हे आता कबूल करतो.

गोष्ट अशी होती. परग्रहावरचे लोक पृथ्वी घ्यायला येणार आहेत. ते आधीच माणसांची रूपं घेऊन एका गावात शिरलेत, पण कोण ते कळत नाही. अशात रेनकोट घातलेला एक माणूस उगवतो. तो काळाच्या यंत्रात बसून चाळीस वर्षं पुढून आलेला आहे. तो तीन पायांचं यंत्र मांडतो, एका डोळ्याने त्यातून बघतो, वहीत लिहितो, आणि गावात उद्या काय होणार ते त्याला आजच ठाऊक असतं. मग गोळीबार, पळापळ, उडणाऱ्या मोटारी. गावचा नगराध्यक्ष फार मायाळू माणूस. तो लोकांना हात जोडून सांगतो, हा परका आहे, याला धरा. लोक रेनकोटवाल्याला पुलावर घेरतात, आभाळात हिरवा उजेड पडतो, आणि सीडी संपते.

उरलेल्या सिनेमाची दुसरी सीडी कव्हरात नव्हतीच. ती मुंबईलाच राहिली होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मंग पुढं काय झालं रे?" एका आजोबांनी विचारलं. मला ठाऊक नाही, एवढं म्हणायचं होतं. पण शिकलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही असं मला तेव्हा वाटायचं. मी म्हणालो, "होणार काय? तो रेनकोटवालाच त्यांचा हेर. तो आधी येऊन मोजून जातो, मागून बाकीचे येतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. तारेचं कुंपण कुणी विसरलं नव्हतं.

शिमगा सरून पंधरा दिवस झाले असतील, तोच दोन माणसं वर आली. एक साहेब आणि एक त्याचा तांबडी-पांढरी पट्टी धरणारा गडी. साहेबाने माळावर तीन पायांचं यंत्र मांडलं आणि एक डोळा मिटून त्यातून बघायला लागला.

आता हसू येतं, पण तेव्हा मला तो सिनेमातलाच माणूस वाटला. साहेब म्हणाला, रस्त्याची पाहणी आहे. मी त्याच्यावर दिवसभर पाळत ठेवली. तो आमचं पाणी प्यायला नाही, स्वतःच्या बाटलीतलं प्यायला. त्याने विचारलं, "पावसात पाणी कुठून वाहतं? पूर्वीही इथूनच वाहायचं का?" पूर्वीचं त्याला काय करायचंय? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आमच्या ओहोळांची आणि टेकाडांची नावं त्याला आधीच ठाऊक होती. ती त्याच्या नकाशात छापलेली असतील, हे बारावी झालेल्या माझ्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याने वाडीपासून कड्यापर्यंत हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या ठोकल्या, तांबड्या माथ्याच्या. ठोकताना तो कड्याजवळ आमच्या ओट्याशी आला, तेव्हा आईने त्याला ताक दिलं. ते मात्र तो प्यायला.

"सायेब, गाडी पार हितपर्यंत येल?" आईने विचारलं.

"येईल की, मावशी. दारातून बसून जाल."

मी आईला आत नेऊन म्हणालो, "त्यांच्याशी बोलू नको." ती म्हणाली, "का रे? बरा मानूस हाय." हे तर मला जास्तच संशयाचं वाटलं. बरा माणूस इतक्या वर कशाला चढेल?

दुसऱ्या दिवशी साहेब खाली गेला. आठवड्याने येऊन खुंट्यांवरून नकाशा करणार होता. वाडी देवळात जमली. आमच्याकडे अडलं की देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पुजाऱ्याने विचारलं, प्रश्न काय घालायचा? सगळे पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. मी सिनेमातलाच प्रश्न दिला: "आला तो मानूस परका हाय का?"

आई मागून म्हणाली, "असं काय इचारता? रस्ता व्हणार का, ते इचारा."

आणि मी, तिचा मुलगा, भर देवळात म्हणालो, "तू गप बस. तू त्यांना ताक पाजलंस. तू त्यांच्यातली हायस का आमच्यातली?"

कुणी हसलं नाही. आई काठी टेकत उठून घरी गेली. उजवी कळी पडली. पडणारच. तो परका होताच, देव खोटं कशाला बोलेल? देव विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. न विचारलेल्याचं उत्तर द्यायचं त्याच्यावर बंधन नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला सात वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी एकट्याने सगळ्या खुंट्या उपटल्या. हाताला फोड आले. घळीत फेकून दिल्या, पण एक ठेवून घेतली. चांगलं जाड लोखंड होतं आणि लोखंड टाकून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. तांबड्या माथ्याला शेण फासलं, ती गोठ्यात ठोकली आणि तिला गायीचं दावं बांधलं. आईला सांगितलं, जुनी सुटली होती म्हणून नवी ठोकली. ती हं म्हणाली.

साहेब आठवड्याने आला. माळावरची भोकं बघत कड्यापर्यंत जाऊन आला. आम्ही सगळे दारांतून त्याच्याकडे बघत होतो. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "पावसाआधी नकाशा द्यायचा होता. आता तुमचा नंबर कधी लागेल, मी सांगू शकत नाही." त्या वर्षी रस्ता शेजारच्या डोंगराला वळला. मी वाडीत छाती पुढे काढून फिरलो. आम्ही आक्रमण परतवलं होतं.

दोन पावसाळे गेले आणि कापड्याहून निरोप आला की मामा अखेरच्या घटका मोजतोय, बहिणीला बघायचं म्हणतो. मी डोली बांधायला घेतली. आई म्हणाली, "नको रे." मी हात जोडले, शिव्या दिल्या, रडलोही. ती कड्याशी जाऊन बसली आणि खालच्या खाचरांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी खालून पुन्हा कापड्याचा माणूस चढून येताना दिसला. तो अर्ध्या वाटेवर असतानाच आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

त्यानंतर मी महाडला कारखान्यात लागलो. एका रविवारी दुपारी खोलीवर केबलवर तोच सिनेमा लागला. रेनकोटवाला पुलावर घेरलेला. मी उठून बसलो. या वेळी तो संपला नाही. तो रेनकोटवाला वाचवायला आला होता. यंत्रातून तो त्यांच्या येण्याची वाट शोधत होता, ती बंद करायला. आणि परग्रहावरचा होता तो मायाळू नगराध्यक्ष, ज्याने लोकांना त्याच्यावर सोडलं. लोकांनी यंत्र मोडलं, गाव गेलं, आणि त्या माणसाला काळात पुन्हा मागे जावं लागलं, सगळं पहिल्यापासून करायला. पहिल्यांदा मला वाटलं, डबिंगवाल्यांनीच शेवट बदलला असेल. असा मी. मग टीव्ही बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. मला लाज वाटली. काळाचं यंत्र मला कुणी दिलं असतं तर मी दुसरीकडे कुठे गेलो नसतो. त्या दुपारी माळावर गेलो असतो आणि खुंटी उपटणाऱ्याचा हात धरला असता. त्याने मात्र माझ्यावर विश्वास ठेवला नसता. त्याने विचारलं असतं, तू कोण, आणि तुला माझं नाव कसं ठाऊक?

पुढे रस्ता आला. साहेब दुसरा होता, आणि या वेळी त्याची यंत्रं उचलायला मी सुट्टी काढून गेलो होतो. पहिली जीप वर आली त्या दिवशी आई पुढच्या सीटवर बसली, काठी गुडघ्यांत धरून. कापड्याला उतरलो. मामाच्या ओट्यावर मामी होती. दोघी बराच वेळ हात धरून बसल्या. आईने विचारलं, "त्याची बसायची जागा कुठली?" मामीने कोपरा दाखवला. आई तिथे जाऊन बसली. तिथून मान वर करून बघितलं, तर आमचा कडा दिसत होता.

संध्याकाळी परत आलो. मला राहवेना. मी सरळ गोठ्यात गेलो, गाय सोडली आणि ती खुंटी दोन्ही हातांनी धरून हलवायला लागलो. माथ्यावरचं शेण केव्हाच झडलं होतं. दाव्याने घासून तांबडा रंगही गेला होता, फक्त दाव्याचा वेढा बसायचा त्याखाली थोडा उरला होता. मागे काठीचा आवाज झाला.

"राहू दे ती," आई म्हणाली. "सात वर्सं रोज दोनदा त्याच खुंटीला गाय बांधतेय मी. रस्त्याची खुंटी मला वळखू येत नाय व्हय?"

मी खुंटीकडे बघतच विचारलं, "मग बोलली का नाहीस, आये?"

"कोन म्हनून बोलू? त्यांच्यातली का तुमच्यातली?"

मी खुंटी सोडली. ती पुढे आली, माझ्याजवळ पडलेलं दावं उचललं आणि वाकून गाय पुन्हा तिथेच बांधली.