मण्यारणीची जबानी

जैनब मण्यारीण पन्नाशीला आली होती, आणि तिच्या हातून बांगडी फुटल्याचं बुधवार पेठेत कुणाला आठवत नव्हतं. हात कितीही राठ असो, ती अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून धरी, त्या बाईला तिच्या माहेरचं काहीतरी विचारी आणि बाई उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटात सरकलेली असे. तिचा नवरा अल्लाबक्ष घरी बसून लाखेच्या बांगड्या करी. काचेच्या बाहेरगावाहून येत. दोन्हींचा हारा डोक्यावर घेऊन जैनब सकाळी निघे ती दुपारच्या नमाजाच्या सुमारास घरी येई. तिला नावानं हाक मारणारी घरं शंभरावर होती. सगळ्यांच्या लेकीसुना तिला ठाऊक होत्या, आणि एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही हेही तिला ठाऊक होतं.

फक्त एकदा तिनं पाहिलेलं सांगितलं होतं. त्याला तीस वर्षं झाली होती.

थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. बुधवारात अनंत वैद्यांचं घर होतं. एका दुपारी ते ओसरीवर मेलेले सापडले. डोकं फुटलं होतं आणि औषधं कुटायच्या खलातला लोखंडी बत्ता नाहीसा झाला होता. वैद्यांना पेठेत फार मान होता, त्यामुळे सगळं पुणं हादरलं. त्या वेळी एकोणीस वर्षांची जैनब शेजारच्या घरी होती. त्या घरची सून आनंदी, तिला सातवा महिना होता. तिला हिरव्या बांगड्या भरताना जैनबनं परसात पाहिलं, तर डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक माणूस वैद्यांच्या मागच्या दारातून घाईनं बाहेर पडत होता. आनंदीची तिकडे पाठ होती. तिला काही दिसलं नाही.

चावडीवर जैनबला बोलावलं. समोर सोनबा उभा केला होता. हा धायरीचा. सिंहगडाच्या डोंगरातून गुळवेल, शतावरी, मुसळी आणून दर आठवड्याला वैद्यांना द्यायचा. जैनब त्याला ओळखत होती. कारकुनानं विचारलं, हाच होता का? दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, हो.

सोनबाला बेड्या घालून गडावर पाठवलं. दोन पावसाळ्यांनंतर तो तिथेच वारला. पेठ हळूहळू दुसऱ्या गोष्टी बोलू लागली.

मग तीस वर्षांनी एक कडक उन्हाळा आला. वैद्यांचं घर तोवर एका व्यापाऱ्यानं घेतलं होतं. त्याच्या परसातली विहीर तळाला गेली, म्हणून त्यानं गाळ काढायला माणसं लावली. तिसऱ्या दिवशी गाळातून लोखंडी बत्ता वर आला. संध्याकाळपर्यंत निम्मी पेठ तो बघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी उरलेली निम्मी आली. व्यापारी वैतागला. त्यानं बत्ता बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि येणाऱ्याला सांगू लागला, "बघा आणि पुढे चला. इथे प्रसाद मिळत नाही."

लोक पुढे गेले नाहीत. ते कट्ट्याभोवती उभे राहून बोलू लागले. बाहेरचा माणूस खून करून पळेल, तो बत्ता टाकायला विहिरीपाशी कशाला थांबेल? म्हणजे घरातलाच कोणी असणार. आणि घरात कोण होतं? वैद्यांचा धाकटा भाऊ श्रीनिवास. भावामागं वैद्यकी त्यालाच मिळाली. आता तोही मरून बारा वर्षं झाली होती, त्यामुळे हे बोलायला कुणाला भीती वाटत नव्हती.

पंधरा दिवसांत येसू शाहिरानं पोवाडा बांधला. संध्याकाळी चौकात डफावर थाप पडली की दुकानदार फळ्या तशाच टाकून येत. पोवाड्यात श्रीनिवास होता, भोळा सोनबा होता, आणि एक मण्यारीण होती.

'कानी हाले भिकबाळी, हाती बत्ता लाल,
मण्यारणीनं मिटले डोळे, गरिबाचा काळ.'

जैनबनं हे पहिल्यांदा ऐकलं ते एका घरी बांगड्या भरताना. त्या घरची पोर परकराचा ओचा धरून अंगणात हेच म्हणत नाचत होती. तिच्या आईनं तिला गप्प केलं आणि मग हळूच विचारलं, "जैनब, खरंच भिकबाळी होती का गं?"

"मला नाही आठवत, वहिनी," जैनब म्हणाली.

पण त्या दिवसापासून तिला आठवू लागली.

हे तिला कुणाला नीट सांगता आलं नसतं. ती डोळे मिटायची तेव्हा परसातला तो माणूस पूर्वीसारखाच जायचा, डोक्यावर घोंगडी, घाईची चाल. मात्र आता घोंगडीच्या कडेला कानाच्या वरच्या अंगाला मोती लुकलुकायचा. तिला मोत्याशेजारचं लाल माणिकही दिसायचं. इतकं स्पष्ट दिसतंय म्हणजे ते असणारच, असं तिला एका क्षणी वाटे. मग दुसऱ्या क्षणी वाटे, इतकी वर्षं मग कुठे होतं ते?

घराघरांतून तिला आता बांगड्यांपेक्षा हे विचारायलाच बोलावणं येई. कुणी तिला बिचारी म्हणे, कुणी तिच्याकडून बांगड्या भरून घेताना हात आखडून धरी. एका म्हातारीनं तर तोंडावर विचारलं, "श्रीनिवास वैद्यानं तुला धमकावलं होतं ना गं?" जैनब नाही म्हणाली. घरी येईपर्यंत तिलाच शंका येऊ लागली की कदाचित धमकावलं असेल.

तिनं अल्लाबक्षला विचारलं. तो शेगडीपाशी लाख वळत बसला होता.

"त्या दिवशी मी घरी येऊन तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"पाठ दिसली म्हणालीस."

"तोंड दिसलं असं नाही म्हणाले?"

"नाही. पाठ. आणि पांढरी घोंगडी."

"घोंगडी काळी होती."

अल्लाबक्षनं हातातली कांडी फिरवली. "मला तू पांढरी सांगितलीस. मी तिथे नव्हतो. तू होतीस."

घोंगडी काळी होती याची तिला खात्री होती. पण खात्री तर आता मोत्याचीही होती.

मग ती येसू शाहिराकडे गेली. तो त्याच्या दारात डफाला ऊन दाखवत होता. आपण कोण हे तिनं सांगताच तो चपापला, उठून उभा राहिला.

"बाई, तुमचं नाव मी कुठेही घातलेलं नाही."

"नावाचं नाही म्हणत मी. तुम्हाला भिकबाळी कुणी सांगितली?"

"कुणी म्हणजे?"

"कुणी पाहिली होती का?"

शाहीर थोडा हसला, पण तिचा चेहरा बघून थांबला. "पोवाड्यात माणूस डोळ्यांपुढे उभा राहायला हवा बाई. नुसता घोंगडीतला माणूस कसा उभा राहणार? म्हणून मी भिकबाळी घातली. श्रीनिवास वैद्य घालत असतीलही. त्या काळी पुष्कळ लोक घालत."

"म्हणजे ती तुमची आहे."

"माझीच म्हणा."

जैनब घराकडे निघाली. वाटेत तिनं रस्त्याच्या कडेला उभं राहून मुद्दाम डोळे मिटून पाहिलं. मोती होताच. तो शाहिराचा आहे हे कळूनही जात नव्हता. आणि मोती जर मागून येऊन बसला असेल, तर त्या दिवशी चावडीवर सोनबाचं तोंडही असंच मागून येऊन बसलं नसेल का? समोर तोच उभा होता. तीनदा तेच विचारलं होतं. एका अनोळखी घराच्या पायरीवर ती बराच वेळ बसून राहिली.

चार दिवसांनी हारा घरी ठेवून ती धायरीला चालत गेली.

सोनबाची बायको ठकूबाई अजून होती. गोठ्याच्या सावलीत बसून ती शेंगा फोडत होती. जैनबनं सांगितलं, "मी पुण्याची मण्यारीण. चावडीवर बोलले ती." ती शिव्यांची तयारी करूनच आली होती.

ठकूबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बस. उन्हाची आलीस. पाणी पी."

पाणी पिऊन झाल्यावर जैनब म्हणाली, "मी त्यांचं तोंड पाहिलं होतं की नाही, हे आता मला कळत नाही. सगळे म्हणतात ते निर्दोष होते. तुम्हाला ठाऊक असेल म्हणून विचारायला आले. ते त्या दिवशी कुठे होते?"

"पुण्याला गेल्ता. वैद्याकडंच."

जैनबला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"दिस बुडायला घरला आला," ठकूबाई सांगू लागली. "घोंगडी नव्हती अंगावर. जेवला न्हाई. मी इचारलं न्हाई. सकाळी इचारू म्हणलं, तर सकाळी शिपाई आलं. आता शहरातली लोकं येत्यात. म्हंत्यात, म्हातारे, तुझा नवरा निर्दोष हाय. मी हो म्हंते. ऐकायला ग्वाड वाटतं. पर मला ठावं न्हाई. कंदी वाटतं त्यानं केलं न्हाई, नुसतं बघितलं आन् भ्याला. कंदी वाटतं केलं आसंल. वैद्य त्याला लई टाकून बोलायचा."

गोठ्यात गाय शेपटी हलवत होती.

मग ठकूबाईनं विचारलं, "चावडीत त्यो काय म्हणला? मला कुणी आत सोडलं न्हाई. तू ऐकलं आसशील."

हे जैनबला आठवत होतं. याच्यात कुणी काही मिसळलेलं नव्हतं, कारण हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "माझं झाल्यावर त्यांना विचारलं, आता काय म्हणतोस? तर ते म्हणाले, मी मारलं न्हाई. पर ह्या बाईला मी वळखतो. ती खोटं बोलायची न्हाई."

ठकूबाईचे हात थांबले. "आसं म्हणला?"

"हो."

"मंग त्याचा आरथ काय?"

"मला कळला नाही. तेव्हाही नाही, आताही नाही."

ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती रडली नाही. जैनब मात्र रडली, आणि ठकूबाईनं तिला रडू दिलं. निघताना तिनं शेंगांची पुरचुंडी जैनबच्या हातात दिली. "पुन्यांदा ये," म्हणाली, "बाकीची सांगायला येत्यात. तू इचारायला आलीस."

पुढच्या आठवड्यात जैनब चावडीवर गेली. तिथला कारकून यज्ञेश्वरपंत तरुण होता. जुन्या कारकुनाला जाऊन किती वर्षं झाली हेही त्याला माहीत नव्हतं.

"जबानी फिरवायची आहे?" त्यानं विचारलं. "तीस वर्षांनी? एवढी घाई का केलीत?"

"फिरवायची नाही. मी तोंड पाहिलं की नाही हे मला आठवत नाही, एवढंच लिहून घ्यायचं."

"बाई, आठवलं ते लिहितात. आठवत नाही हे कशाला लिहायचं?"

"खरं आहे म्हणून."

यज्ञेश्वरपंतानं तिला टाळायचा दोनदा प्रयत्न केला. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यालाच त्या प्रकरणाचं कुतूहल वाटू लागलं. पोवाडा त्यानंही ऐकला होता. त्यानं दप्तरातून कागद बांधून ठेवलेला जुना रुमाल काढला, धूळ झटकली आणि कागद वाचून दाखवला. मण्यारीण जैनब हिने सांगितले की, शेजारील घराच्या माडीच्या खिडकीतून पाहिले, सोनबा घोंगडी पांघरून मागील दाराने निघून गेला, खचित ओळखिला. खाली तिची निशाणी होती, शाईनं काढलेली बांगडी. लिहिता न येणारी प्रत्येक बाई कागदावर तीच निशाणी करी.

"माडी?" जैनब म्हणाली. "त्या घराला माडी नाही. मी खाली पडवीत बसले होते."

"इथे माडी लिहिलंय."

"आनंदीला सातवा महिना होता. माडी असती तरी ती वर कशी चढली असती? आणि खचित हा शब्द माझा नाही. मी नुसतं हो म्हणाले."

यज्ञेश्वरपंतानं कागद उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला. "निशाणी तुमचीच ना?"

"बांगडी आहे," जैनब म्हणाली. "माझीच आहे का, कसं सांगू?"

तो यावर थट्टा करणार होता, पण त्यानं केली नाही. लेखणी बुडवून त्यानं कोऱ्या कागदावर तिनं सांगितलं ते लिहिलं: पडवीतून पाहिले, घोंगडी काळी की पांढरी निश्चय नाही, पाठ पाहिली, तोंड पाहिले किंवा नाही हे आठवत नाही. भिकबाळी घालू का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, नको, ती शाहिराची आहे. तिनं खाली बांगडी काढली. या वेळी वर्तुळात तीन ठिपके दिले. त्यानं कागद जुन्या कागदाला जोडून रुमाल बांधला आणि फडताळात ठेवला. त्यावर पुढे कुणी काही हुकूम केला नाही.

पोवाडा पावसाळाभर चालला. पुढच्या वर्षी दिवाळीत होळकरांची फौज आली, शहर लुटलं गेलं, आणि माणसांना बोलायला स्वतःची दुःखं पुरली. खुनी कोण होता हे कळलं नाही. जैनबच्या डोळ्यांपुढचा मोती कधी दिसे, कधी दिसत नसे. तिनं त्याच्याशी भांडणं सोडून दिलं.

धायरीला मात्र ती दर वर्षी संक्रांतीच्या आधी जाऊ लागली. ठकूबाईच्या ओट्यावर हारा उतरवी आणि गावातल्या बायका तिथे जमत. एखादी नवी सून जैनबला हळूच विचारायला लागे, आजी, त्या खुनाचं खरं काय झालं हो? तेव्हा कोपऱ्यातून ठकूबाई म्हणे, "तिला ठावं न्हाई आन् मला बी न्हाई. हात म्होरं कर, बांगड्या भरून घे."