मोडनिंबजवळची कललेली बाभळ

"रविवारी बाभळ तोडायची म्हणतोय तुजा मामा. तू झाडांचं शिकवतीस न्हवं? मग ये की!" मामीचा फोन आला आणि मी पिशवी भरली. गेल्या वादळात तिची बाभळ कलली, ती नेमकी शेळ्यांच्या शेडवर. झाड पडलं तर शेळ्या जातील, ही मामाची भीती. मामीनं मात्र ते झाड रोप होतं तेव्हापासून राखलेलं. मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून निवाडा माझ्या गळ्यात!

स्वारगेटहून पहाटेची सोलापूर एसटी धरली. मामाच्या मोडनिंबला उतरायचं असेल तर कंडक्टरला चढतानाच बजावा. काही गाड्या गावात न शिरता हायवेवरून सुसाट जातात. माझी गेलीच. मग टमटमनं उलटं मागे, तीस रुपये, आणि शेवटचा तुकडा पायी. पोचल्यावर कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. नुसतं एवढ्यासाठीही जावं.

सुतारतात्या करवत घेऊन आलेच होते. आधी पत्र्याला टेकलेली आडवी फांदी उतरवायची ठरली. वरच्या अंगानं करवत चालवली तशी चीर आपोआप फाकली.

"बगा, ओढ हाय त्यात," तात्या म्हणाले. "कललेल्या लाकडाचं वरचं अंग आमी दाराला घेत न्हाय. रंधा मारला की केस निघत्यात, फळी वाकती."

मी कापावर अंगठा फिरवला. खालचं अंग बऱ्यापैकी गुळगुळीत, वरचं चक्क लोकरीसारखं. वीस वर्षं मी फळ्यावर सेल्युलोज काढतेय, हाताला असं पहिल्यांदाच लागलं! पेशीच्या पातळ पडद्यात अतिसूक्ष्म यंत्रं असतात. ती साखरेचे कण एकापुढे एक जोडत सेल्युलोजचे धागे सोडतात आणि त्या धाग्यांचे थर चढत पेशीची भिंत जाड होते. एरवी हे धागे तिरके गुंडाळलेले असतात. बाभळीसारखं झाड कललं की ते वरच्या अंगाला जास्त धागे घालतं, तेही जवळजवळ उभे. ते आखडतात आणि खोडाला मागे ओढतात. तात्यांचे 'केस' म्हणजे अशा धाग्यांनी भरलेले लाकडाचे तंतू.

"म्हंजी उठाया बगतंय व्हय ते?" मामीनं विचारलं.

"हो. पण एवढं जाड खोड कितपत उठेल, सांगता येत नाही. पडणारच नाही, असंही नाही."

"मग तोडू की," मामा म्हणाला.

खोटं बोलून झाड वाचवावं असं क्षणभर फार वाटलं. जीभ रेटली नाही.

मामी शेडकडे बघत राहिली. "झाड न्हाय हलायचं. शेळ्या तर हलत्यात की!" म्हणाली आणि पत्र्याच्या तारा सोडायलाच लागली. मामा आधी चिडला, मग पहार घेऊन आला. झाड तोडायला आलेले तात्या दुपारभर नव्या शेडचे खड्डे घेत होते.

पुण्याला परतले तेव्हा हात सोलवटले होते आणि मी जरा ओशाळलेही होते. साखरेच्या कणापर्यंतचं सगळं मला ठाऊक. शेळ्यांना पाय असतात, एवढंच सुचलं नव्हतं.

परवा मामीला फोन केला.

"हाय तशीच कललेली," ती म्हणाली. "पर तुजा मामा रोज सकाळी बुडाशी जाऊन बगतोय, उठली का म्हनून."