लॅबने पास केलेलं पोतं

आमच्या कारखान्यात सहा मशीनं होती, एक मालक होता आणि एक लॅब होती. लॅब म्हणजे खोली नव्हे, माझा सख्खा मामा. प्लास्टिकचा एक दाणा चिमट्यात धरायचा, लायटरने पेटवायचा, फुंकर मारून विझवायचा आणि धूर नाकाखालून फिरवायचा, एवढीच त्याची यंत्रसामग्री. "मेणबत्तीसारखा आला तर पॉलिप्रॉपिलीन. नाकात सुई टोचली तर पीव्हीसी. डोळ्यांतून पाणी काढलं तर असिटल." तीस वर्षांत त्याचं एकदाही चुकलं नाही, असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. दोनदा चुकलं होतं, ते मला मामानेच हसत सांगितलं होतं. तेव्हा तो आपल्या चुका सांगू शकायचा.

एकोणिसाव्या वर्षी तो भंगारातलं प्लास्टिक निवडायला बसला. फुटक्या बादल्या, खेळणी, पायपांचे तुकडे, सगळा एकच ढीग. बाकीचे लोक रंगावरून वेगळं करायचे आणि शिव्या खायचे. हा पेटवून हुंगायचा. मालकाने त्याला तिथून उचलून आणलं आणि नमुने बाहेर तपासायला पाठवणं बंद केलं. माझं लग्न ठरलं तेसुद्धा या नाकाच्या जिवावर. मोठ्या मशीनचा ऑपरेटर मामाला गुरू मानायचा, आणि मामाने त्याला सरळ सांगितलं, "माझी भाची फिनिशिंगच्या टेबलावर बसते, बघून घे." त्याने बघून घेतलं. त्यानंतर बारा वर्षं आम्ही तिघं एकाच छपराखाली राबत होतो.

मामा शिकवायचा मात्र डोळ्यांत तेल घालून. आमचा मुख्य माल असिटलचा, लहान गिअर आणि क्लिपा. पांढराशुभ्र, गुळगुळीत, दिसायला गरीब. पण बॅरलमध्ये जास्त तापला किंवा तापलेला नुसता पडून राहिला की त्याचा वायू होतो, आणि त्यात पीव्हीसीचे चार दाणे जरी गेले तरी सगळा माल एकदम बिघडून वायू सोडतो. मेलेले प्राणी बरणीत ठेवायच्या औषधाच्या जातीचा तो वायू. बॅरल बंद लोखंडी नळी, वायूला वाटा फक्त दोन, मागून माल ओतायचा हॉपर आणि पुढून माल बाहेर पडायचं नोझल. म्हणून मामाचं पालुपद ठरलेलं. दोन्ही माल एका ग्राइंडरवर दळायचे नाहीत. माल बदलताना आधी साधं पॉलिथिन घालून बॅरल धुऊन काढायचं. वास वाढला तर मशीनचं तोंड साच्यापासून मागे घ्यायचं, हीटर बंद करायचा, बाहेर पडलेला गरम गोळा पाण्याच्या बादलीत टाकायचा. आणि काही झालं तरी नोझलसमोर उभं राहायचं नाही. "समोर उभं राहायला ती काय तुझी बायको आहे?" असं तो माझ्या नवऱ्याला माझ्यादेखत विचारायचा.

एवढं सगळं दुसऱ्यांना. स्वतःचा मास्क वर्षानुवर्षं खिळ्याला. "मास्क लावला तर हुंगू कशाने, कानाने?" भिंतीतला धूर ओढणारा पंखासुद्धा तो तपासणीच्या वेळी बंद करायला लावायचा, कारण पंखा वास पळवतो. आम्ही हसायचो. मी पण हसायचे, याची आता लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या घरी गेले तर जिन्यातच करपल्याचा वास आला. आत दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलं होतं, घरभर धूर होता, आणि मामा गॅसपासून दोन हातांवर बसून वर्तमानपत्र वाचत होता. मी गॅस बंद केला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. तोही माझ्याकडे पाहत राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झालं वर्ष. हळूहळू गेलं. आधी साबणाचा वास गेला, मग बाकीचे."

"मालकाला सांग."

"आणि मग काय, दारावर बसून गाड्यांचे नंबर लिहू?" त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "ज्योत दिसते ना मला. असिटलची निळी, पीव्हीसीची हिरवट, आणि ती लगेच विझते. डोळे शाबूत आहेत. तू मात्र कुणाला बोलू नकोस. त्यालाही नको."

त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. मी मूग गिळून बसले. बाप गेल्यावर ज्याने मला वाढवलं, त्याला चारचौघांत उघडं पाडायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय तो खरोखरच जपून वागत होता. पूर्वी एक दाणा पेटवायचा, आता पोत्याच्या पाच ठिकाणांहून पाच. वर सवयीप्रमाणे पोत्यात तोंड घालून लांब श्वास घ्यायचा. तो श्वास नाटक आहे हे कारखान्यात फक्त मला ठाऊक होतं.

आणि मग एक दिवस नवा दाणा संपला आणि आमच्याच रद्दी तुकड्यांचा दळलेला चुरा वापरायचं ठरलं. असिटलचा ग्राइंडर दुरुस्तीला गेला होता. सकाळी दुसऱ्या ग्राइंडरवर पीव्हीसी दळून झालं आणि त्याच्यावरच आमचा माल दळला. कुणीतरी आत फडकं मारलं आणि साफ झाला म्हणून सांगितलं. तळाशी मूठभर पीव्हीसी राहिलं होतं. तेही पांढरंच.

मामाने पाच दाणे पेटवले. पाचही निळे जळले. पोत्यात तोंड घातलं, वर आला, हात केला. पास. माझ्या नवऱ्याने पोतं हॉपरमध्ये रिकामं केलं.

अर्ध्या तासाने नोझल अडकलं. माझा नवरा पितळी सळई घेऊन पुढे गेला. चेहऱ्यावरची काच त्याने लावली नव्हती, हेही खरं आहे, मी लपवत नाही. माझं टेबल वीस पावलांवर. माझ्या नाकात तिखट वास शिरला. शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला. मग सगळ्यांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने मामाकडे पाहिलं. तो मशीनपासून तीन पावलांवर शांत उभा होता, आणि तो शांत आहे म्हणून सगळे परत कामाला लागले. मीही त्याच्याकडेच पाहिलं. मला माहीत असूनही मी त्याच्याकडेच पाहिलं.

मी उठले, "अहो" एवढाच शब्द तोंडातून निघाला, आणि बार झाला.

वितळलेलं प्लास्टिक तोंडावर उडालं की पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून जळत राहतं. आम्ही पाणी ओतत होतो आणि मामा दोन्ही हातांनी माझ्या नवऱ्याचं डोकं धरून बसला होता. मामाचे तळहातही भाजले, पण त्याने ते कुणाला दाखवले नाहीत. दवाखान्यात नवऱ्याचा उजवा डोळा काढावा लागला. डाव्याला उजेड कळेल, माणूस कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

कारखान्याचा अहवाल चौथ्या दिवशी तयार झाला. ऑपरेटर नोझलसमोर उभा होता, काच लावली नव्हती, मशीन जास्त तापू दिलं. माल लॅबने पास केलेला, म्हणजे मालात खोट नाही. चूक माझ्या नवऱ्याची. खाली मामाचीही सही होती. सही त्याने एका दमात केली, असं मालकाने मला कौतुकाने सांगितलं.

मामा रोज चार वाजता दवाखान्यात यायचा, पलंगाशी स्टूल ओढून बसायचा, याचे पाय चेपायचा. मी दोघांकडे बघत बसायचे. आठव्या दिवशी सकाळी नवरा मला म्हणाला, "नोझलपाशी गेलो तेव्हा तिखट वास आला होता. पीव्हीसीचा. मी म्हटलं, मामा शेजारी आहेत, त्यांना आला नाही म्हणजे भासच असेल." मी त्याची चादर सारखी केली.

त्या दुपारी मामा आला. खिडकी बंद होती. पट्ट्यांमधून याचं फक्त तोंड दिसत होतं. तो म्हणाला,

"मामा, आज फिनाईल जरा जास्तच ओतलंय का हो? डोकं उठलंय वासाने."

मामा लगेच उठला. "हो रे, भलतंच ओतलंय. मला तर दारातच आला." त्याने खिडकी उघडली, बाहेर बघत म्हणाला, "थांब, सांगतो त्यांना."

त्या दिवशी फरशी कुणी पुसलीच नव्हती. झाडणारी बाई सुट्टीवर होती. हे मला माहीत होतं आणि माझ्या नवऱ्याला तर नाकानेच कळत होतं. खिडकीपाशी वळताना मामाला कोरडी फरशी दिसली आणि त्याची पाठ हळूहळू वाकत गेली, आपण पकडलो गेलो हे त्यालाही समजलं होतं. माझ्या नवऱ्याने पट्ट्या बांधलेला चेहरा माझ्या दिशेला वळवला.

"तुला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.