पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गजरे. संध्याकाळची वेळ, हडपसरच्या आमच्या खोलीचं दार, मोगऱ्याची पाटी. गजरे करणाऱ्या बायका दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवतात, म्हणजे दोरा ताठ राहतो. माझ्या बायकोचा, सिंधूचा, अंगठा संधिवातानं सुजला, तेव्हापासून ती माझा वापरायची. मी उंबऱ्यावर पेपर घेऊन बसायचो, पाय तिच्याकडं. पाय हलला की एक जोरात ओढ. गजरा संपला की दोन बारीक हिसके... म्हणजे सोडा आता. मग ती दोरा दातानं तोडायची.

त्या दिवशी मी म्हणालो, "आयटी पार्कातल्या पोरी दिवसभर इंग्रजी फाडतात, त्यांना गजरे कशाला लागतात गं?"

"अहो, पाय हलवू नका," ती म्हणाली.

तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत ती फुलबाजाराला गेली, ती परत आली नाही.

आता आधीच सांगतो. मी चौथी शिकलेला, कारखान्यात मशिनवर हयात काढलेला माणूस. करणी, बाहेरचं, अंगात येणं – मी कधी मानलं नाही आणि आजही मानत नाही. जे झालं ते लिहितोय. पटत नसेल तर पान उलटा.

ती गेली त्याच संध्याकाळी उंबऱ्यावर बसलो होतो आणि उजव्या पायाचा अंगठा ओढला गेला. दोरा ताणल्यासारखा. पुढं रोज, त्याच वेळेला. डॉक्टर म्हणाला, शुगर असेल. शुगर निघाली नाही. मग म्हणाला, वय झालं. मला काय, मी ऐकून घेतलं.

बरेच महिने गेले. कालव्याचं पाणी बंद झालं तेव्हा लोणी काळभोरच्या अलीकडं गाळात एका बाईची हाडं सापडली. पोलिसांनी मला बोलावलं. सरकारी दवाखान्यात हाडांवरून माणूस ओळखणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या, लेक असती तर. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कमरेच्या हाडावरून बाई की पुरुष ते कळतं, मांडीच्या हाडावरून उंची, कवटीच्या सांध्यांवरून साधारण वय. नक्की करायचं तर डीएनए. मी लगेच शर्टाची बाही वर केली. त्या म्हणाल्या, "काका, नवऱ्याचं चालत नाही. रक्ताचं नातं लागतं."

आम्हाला मूल नाही. तिच्या माहेरचं कोणी उरलं नाही. सगळा जन्म एका ताटात जेवलो आणि माझं रक्त चालत नाही.

मग फोटो मागितला. कवटीचा फोटो काढून तो कॉम्प्युटरवर माणसाच्या फोटोवर ठेवतात – डोळे डोळ्यांवर, नाक नाकावर, दात दातांवर. सरकारी काम म्हणून मी भिंतीवरचा सगळ्यात चांगला, फ्रेमचा फोटो काढून दिला. ओळखीची खूण विचारली, तर हातावरचं गोंदण सांगितलं. हाडावर गोंदण राहत नाही हे मला कुठलं सुचायला.

फोटो जुळला नाही. कालव्यातली बाई बेवारस ठरली आणि एका खोक्यात गेली.

मग येरवड्याच्या बाजूला नदीकाठी दुसरी हाडं मिळाली आणि मला परत त्याच दवाखान्यात बोलावलं. कवटी समोरून फुटलेली, म्हणजे फोटो लावायची सोय नाही. पण उंची, वय जमत होतं आणि हिरव्या लुगड्याचा तुकडा होता. सिंधूचंही हिरवंच होतं. हवालदार म्हणाला, "बाबा, किती दिवस हेलपाटे मारणार? सही करा, घेऊन जा, आणि सुटा." खरं सांगतो, मी पेन हातात घेतलं होतं. कोणाला तरी अग्नी द्यावा, म्हणजे भावकीची तोंडं बंद होतील, असंच वाटत होतं.

तेवढ्यात अंगठा ओढला. भरदुपारी, पायात चप्पल असताना. असा जोरात, की मी टेबलाचा आधार घेतला. ओढ टेबलावरच्या हाडांकडं नव्हती, मागच्या खोक्यांच्या मांडणीकडं होती.

मी म्हणालो, "ही नाही. ती तिकडं हाय."

हवालदार हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तिकडचं खोकं कालव्याचं. ते आपण तपासलंय. त्या बाईच्या पुढच्या दाताला खाच आहे. तुमच्या मिसेसचे दात बघा की फोटोत, सरळ आहेत."

"कसली खाच?"

"वर्षानुवर्षं दोरा तोडून पडते तशी. शिवणकाम करणाऱ्यांच्या दाताला असते."

मी पेन खाली ठेवलं.

सिंधू तोंडावर पदर धरून हसायची, त्या खाचेपायीच. रोज बघून बघून मला ती दिसेनाशी झाली होती. आमच्या गल्लीतल्या स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आला तेव्हा तो पोरगा तिला म्हणाला होता, "मावशी, बिनधास्त हसा, दात मी भरून देतो." म्हणून जन्मात एकदा ती तोंड उघडून हसली. तोच फोटो मी दिला होता.

हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी कालव्याचं खोकं परत टेबलावर काढलं. मग म्हणाल्या, "न भरलेला फोटो आणा."

स्टुडिओवाल्याकडं मूळ निगेटिव्ह निघाली. पुढच्या खेपेला बाईंनी मला कॉम्प्युटरशेजारी बसवलं. पडद्यावर सिंधू हसत होती आणि तिच्या आतून ती कवटी हळूहळू वर येत होती. डोळे, नाक, हनुवटी. शेवटी खाचेवर खाच बसली.

"जुळलं, काका," बाई म्हणाल्या.

आणि अंगठ्याला दोन बारीक हिसके बसले.

मी सवयीनं पाय मागं घेतला. बाईंनी विचारलं, काय झालं. म्हणालो, काही नाही, मुंगी होती.

नंतर परत कधी अंगठा ओढला नाही. त्या खोक्याकडं मला कोणी वळवलं, हे मी कोणाला विचारू? बाईंना एकदा खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, रिपोर्टमध्ये दाताचं लिहिता येतं, याचं नाही. बरोबर बोलल्या. नदीकाठची ती बाई अजून खोक्यातच आहे. तिचा दोरा कोणाच्या पायाला अडकलाय, कोण जाणे.

हडपसरच्या स्मशानात संध्याकाळी सिंधूला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलबाजारात गेलो, मोगरा आणला. उंबऱ्यावर बसून दोरा माझ्याच अंगठ्यात अडकवला आणि पाय हलू दिला नाही. गाठी ढिल्या पडल्या, फुलं वाकडी बसली, पण गजरा झाला. खाचेच्या फोटोला घालायचा होता. दोरा कापायला कात्री शोधली. फळी बघितली, डबे बघितले, पलंगाखाली बघितलं. मग ध्यानात आलं – आमच्या घरात कात्री कधी आणलीच नव्हती.